न दिसणारा पाहुणा

पेन्सिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीकाठच्या एका लहानशा गावी मी मुलाकडे गेले होते. नातू तळघरात निजे. "आई, तिथला रेडॉन मोजायला हवा," सून म्हणाली. ज्या वायूला रंग नाही, गंध नाही, त्याचे भय कसले, म्हणून मी हसले.

तेव्हा तिने समजाविले : खडकांतील युरेनियमपासून उपजणारा हा वायू भेगांतून घरात शिरतो, वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग संभवतो.

कोळशाची डबी तीन दिवस बंद तळघरात उघडी ठेवून प्रयोगशाळेस धाडली. लिटरमागे ४ पिकोक्युरी झाल्यास उपाय करावा, असा तेथील सरकारचा सल्ला. आमचा आकडा ९ आला! त्याच रात्री नातवाचे अंथरूण वर आणले. पुढे फरशीखालची हवा छपराबाहेर टाकणारा नळ व पंखा बसला. फेरमोजणीत आकडा १ वर उतरला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.