आमच्या शेतात रात्रपाळी चालते!

जालना म्हटलं की स्टील, मोसंबी आणि बियाणं. जनावरं बघायची तर ताडोबा गाठायचं, असं नवीन जालन्यात बसून मी वर्षानुवर्षं मानत आलो. आणि आता? भोकरदनकडे मामांच्या शेतात, बांधावरच्या बाभळीला कॅमेरा ट्रॅप आवळलाय आणि भेटेल त्याला मी मोबाइलवर फोटो दाखवत सुटलोय!

दिसायला मातकट हिरवी डबी. आत पेन्सिल सेल आणि मेमरी कार्ड, बस्स. पण हुशारी बघा! समोरून गरम अंगाचं काही हललं की सेन्सरला लगेच कळतं आणि फोटो निघतो. रात्री कॅमेरा अवरक्त प्रकाश वापरतो, त्यामुळे डोळे दिपवणारा फ्लॅश नाही. डबी बांधायची गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड शक्यतो उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात घुसत नाही. समोरचं गवत मात्र कापायचंच. नाहीतर भर दुपारी वाऱ्यावर डुलणाऱ्या गवताचेच ढीगभर फोटो!

पहिलं कार्ड लॅपटॉपला लावलं तेव्हा अख्खं घर माझ्या खांद्यावरून वाकलेलं. कुत्रं, गाय, मामा, परत मामा... आणि एकदम सायाळ! करड्या फोटोत काटे फुलवलेले, पुढचा एक पाय उचललेला, डोळा लखलखतोय, खाली वेळ रात्री दोन वाजून गेल्याची. पुढच्या फोटोत तिच्यामागे दुसरी! मग खोकड, शेपटीचं टोक काळंभोर. मग रोह्यांचा कळप. मामा ओरडलेच, "म्हंजे भुईमूग डुकरानं नाही, त्या सायाळीनं उकरला!"

त्यानंतर मला वाचायचं वेडच लागलं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी अशाच कॅमेऱ्यांनी उसाच्या पट्ट्यातले बिबटे आणि तरस टिपले. दाट वस्तीचा शेतीचा भाग, तिथे हे सगळे राहतात! बिबट्याचे ठिपके, वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे. अंगाच्या दोन्ही बाजूंचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. याच पट्ट्यांनी २०२१ साली कमाल केली. आपल्या शेजारच्या गौताळा अभयारण्यात कित्येक दशकांनी वाघ कॅमेऱ्यात आला. पट्टे जुळवले तर तो निघाला यवतमाळच्या टिपेश्वरचा टी३सी१, सुमारे ३३० किलोमीटर तुडवत आलेला! २०१८-१९च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो, त्यांत वाघांचे ७६,६५१. गिनीज बुकात विक्रम झाला!

मला मात्र आमच्या सायाळीचंच जास्त अप्रूप. ताडोबाचा वाघ सगळ्यांचा, ही आमच्या बांधावरची! आणि नुकसान कोण करतं हे कळल्यावर मामा अंदाजाने कुणालाही शिव्या घालत नाहीत. भुईमुगाला कुंपण कुठून घालायचं ते फोटो बघून ठरवतात.

तेव्हा शेत असेल तर चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक कॅमेरा घ्याच. फक्त वनजमिनीवर वन विभागाच्या परवानगीशिवाय लावू नका. बिबट्या दिसला तर आधी वनरक्षकाला कळवा. फोटो हौसेने दाखवा, पण जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. शिकारीही व्हॉट्सॲप वाचतात.