आमटी मोजत नाहीत

२० ऑक्टोबर २०२१ला राज्यातली कॉलेजं पुन्हा उघडली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहिलं वर्ष गावात, पाण्याच्या टाकीखाली जिथं रेंज येते तिथं बसून काढलं होतं. करमाळ्यात तिघांनी मिळून एक खोली घेतली. खोलीत गॅस, स्टो काही आणायचं नाही, एवढी मालकाची अट होती. ती आम्ही हसत मान्य केली, कारण माझा डबा गावाहून येणार होता.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याकडचं. मुक्कामी एसटी सकाळी सव्वासहाला निघायची. आई पाचला उठून भाकरी थापायची, वडील डबा थांब्यावर नेऊन कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि आठच्या आत मी करमाळ्याच्या स्टँडवर तो घ्यायला उभा असायचो. चार भाकरी आणि कोरड्यास. दोन दुपारी, दोन रात्री. डबे आणायचे पैसे कंडक्टरनं कधी कुणाकडून घेतले नाहीत. गाडीतली निम्मी पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो.

हे जेमतेम दोन आठवडे चाललं. दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, एकेक आगार बंद पडलं आणि माझा डबाही. वडापवाल्या जीपनं रोज घरी जाणं परवडणारं नव्हतं. संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो, त्याचे महिन्याला दीड हजार मिळायचे. खोलीभाडं वडील द्यायचे. म्हणजे जेवायला दिवसाला ५० रुपये.

५० रुपयांत काय होतं, ते मी वहीत मांडलं. दोन वडापाव आणि एक चहा, ३१ रुपये. पण चार वाजता पोटात पुन्हा खड्डा. मिसळ ४० रुपये, त्यात एक वेळ भागते, दुसरीचं काय? खानावळीचा महिना २,२००, तोही आगाऊ. पोहे स्वस्त, पण पोह्यांवर रात्र निघत नाही. बाहेर खायचं म्हटलं की लोक चवीचं बोलतात. मला पहिला महिनाभर चव आठवतच नाही, आकडे आठवतात.

दुपारचा प्रश्न शिवभोजननं सोडवला. ही थाळी २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची मूद, १० रुपयांत. वरचे पैसे सरकार केंद्रचालकाला देतं. सुरुवातीला ग्रामीण भागात थाळीमागे ३५ आणि शहरात ५० रुपये ठरले होते. लॉकडाऊनमध्ये ती ५ रुपयांना आणि नंतर काही महिने फुकट मिळाली होती. मी रांगेत उभा राहिलो तेव्हा पुन्हा १० रुपये झाले होते. थाळ्यांची संख्या ठरलेली, त्यामुळं उशीर झाला की परत फिरायचं. साडेअकराचा तास अनेकदा बुडायचा.

तिथं नाव सांगावं लागायचं आणि मोबाइलवर फोटो काढला जायचा. खोट्या थाळ्या दाखवून कुणी पैसे उचलू नयेत म्हणून ती व्यवस्था. कारण पटायचं, तरी फोटोच्या वेळी माझी मान आपोआप खाली जायची. रांगेत तहसीलच्या कामाला आलेले म्हातारे, दवाखान्यात कुणाला घेऊन आलेल्या बाया, नाक्यावरचे मजूर. त्यांच्यातलं कुणी मान खाली घालत नव्हतं. लाज माझी एकट्याचीच होती, कॉलेजच्या बॅगेसकट आलेली.

एके दिवशी माझ्यापुढं चार माणसं सोडून मामा उभे दिसले. खाकी नव्हती, साधा शर्ट होता. त्यांनी मागं पाहिलं, मला ओळखलं आणि लगेच पुढं पाहायला लागले. मीही मोबाइल काढला. ज्या माणसानं माझं जेवण रोज पन्नासेक किलोमीटर सांभाळून आणलं होतं, तो माझ्यापुढं १० रुपये मुठीत धरून उभा होता, आणि आम्ही दोघंही एकमेकांना ओळखत नव्हतो.

रात्रीचा प्रश्न उरला होता. गावातून कुणी मोटारसायकलवर आलं, की आई त्याच्याकडं गाठोडं द्यायची: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आमच्या सोलापुरात कडक भाकरी हा काही शौक नाही. बाजरीची नाही तर ज्वारीची भाकरी पातळ थापून, पार वाळेपर्यंत शेकून ठेवली की ती आठवडाभर टिकते. फक्त तिला पातळ काहीतरी लागतं, नाहीतर घशाखाली उतरत नाही.

स्टँडपासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या छपराचं एक आमटी-भाकरीचं हॉटेल होतं. फळ्यावर लिहिलेलं: ताट ६० रुपये, जादा भाकरी १५, नुसती आमटी ३०. मी नुसती आमटी सांगितली आणि मांडीवरच्या बॅगेत हात घालून भाकरी मोडायला लागलो. कडक भाकरीचा एक दोष आहे, ती गुपचूप मोडता येत नाही. कडाड् आवाज झाला, तसे मालक गल्ल्यावरून म्हणाले, "काय रं, बॅग मोडली का काय?"

हॉटेलातली चार माणसं हसली. माझे कान तापले. मालक उठून आले, बॅगेत डोकावले.

"कुठल्या गावचा?"

मी गाव सांगितलं.

"मग काढ की वर. लपवतोस कुणाला? बाजाराला आलेली माणसं काय हॉटेलातली भाकरी खायची व्हय? फडक्यातली भाकरी सोडायची अन् आमटी तेवढी घ्यायची."

मग बादलीवाल्या पोराला हाक मारून म्हणाले, "ह्याला वाढ."

आमच्या भागात हिला बाजार आमटी म्हणतात, काही जण शिपी आमटीही म्हणतात. आठवडी बाजारात जमलेली माणसं सगळ्या डाळी एकत्र करून ही आमटी शिजवायची, असं नावामागचं कारण सांगतात. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद अशा डाळी, भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, काळा मसाला, आणि वर लाल तर्री. पातळ असते, पण फिकी नसते. कुस्करलेली भाकरी तिच्यात बुडवली की खाली डाळ लागते आणि वर झणका.

त्या हॉटेलात रोज रात्री बसून मला एक हिशेब कळला. भाकरी मोजून मिळते, आमटी मोजत नाहीत. कोपऱ्यात चुलीपुढं एक मावशी भाकरी थापायच्या, त्यांना पैसे भाकरीच्या संख्येवर मिळायचे. प्रत्येक भाकरीमागं पीठ मळणं, थापणं, आहारावर शेकणं, म्हणजे एका माणसाचे हात. त्यात काटकसर करता येत नाही. आमटीचं तसं नाही. एकदा डाळी शिजल्या, मसाला परतला, की पातेलं दहा माणसांना लागतं तसंच पंधरांनाही लागतं. लाकूड तेवढंच जळतं. म्हणून मालक भाकरीवर पैसे लावतो आणि आमटीवर मोकळा होतो. कमी पैशांत जेवणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या जागेत जेवतो. मिसळीच्या दुकानात जादा रस्सा मागणारा, उसळ संपल्यावर पावाला तर्री लावणारा, कांदा दोनदा मागणारा, सगळे तिथलेच.

यात मालकाचं नुकसान नव्हतं असं नाही. तेल महाग झालं होतं, व्यवसायाचं सिलिंडर दोन हजारांच्या घरात गेलं होतं, म्हणून आमटी त्यांनी चुलीवर घेतली होती. पण बादली फिरायची थांबली नाही. पोरगं विचारायचं नाही, वाटी अर्धी दिसली की ओतायचं. नको असेल तर आपण हात आडवा धरायचा. मागावं लागत नव्हतं, ही गोष्ट मला तेव्हा सोयीची वाटली. तिची किंमत नंतर कळली.

डिसेंबरात मामा त्या हॉटेलात आले. या वेळी ओळख टाळायला रांग नव्हती, बाकडं एकच मोकळं होतं. बसले. "डबा बंद झाला न्हवं तुझा," म्हणाले, जणू तो त्यांनीच चुकवला होता. मी कडक भाकरी मधे ठेवली. त्यांनी नुसती आमटी सांगितली आणि अर्धी भाकरी मोडून घेतली. पुढं आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही तसे जेवायचो.

मामांची नोकरी १९९९ची. नोव्हेंबरात सरकारनं पगारवाढ जाहीर केली तेव्हा नव्या लोकांना मूळ पगारात पाच हजार मिळाले, वीस वर्षांच्या वरच्यांना अडीच. "जेवढी जुनी गाडी तेवढं कमी डिझेल," ते म्हणायचे. १९९५मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती, तेव्हा मामा सोलापुरात नोकरीच्या खेपा घालायचे. स्टँडवर रुपया देऊन जेवायचे. पुढं ती योजना बंद पडली आणि बऱ्याच केंद्रांच्या जागी चहा-वड्याची दुकानं आली. "रुपया दिला की आपण गिऱ्हाईक," असं ते एकदा म्हणाले होते. मी ते नीट ऐकायला हवं होतं.

जानेवारीत माझा पगार झाला त्या रात्री मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मामा हात धुवायला गेले तेवढ्यात मी गल्ल्यावर दोघांचे ६० रुपये दिले. ते आले, खिशात हात घातला.

"माझं किती?"

"पोरानं दिलं की," मालक म्हणाले.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि गेले. त्यानंतर ते तिथं आले नाहीत, थाळीच्या रांगेतही दिसले नाहीत. कंदरकडं केळीच्या गाड्या भरायला जातात, असं कुणीतरी सांगितलं. कामाला गेले म्हणून दिसत नसतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण रोज रात्री तीच आमटी खाताना मला ठाऊक होतं, की महिनाभर त्यांनी माझी अर्धी भाकरी सहज घेतली होती आणि ३० रुपये त्यांना गिळता आले नव्हते. भाकरी मी त्यांना दिली नव्हती, नुसती मधे ठेवली होती. पैसे मात्र मी दिले, आणि तेही त्यांच्या पाठीमागं.

एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि गाड्या सुरू झाल्या. गावाहून पहिली मुक्कामी आली त्या सकाळी मी स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन थांबलो. मामा खाकीत उतरले. डबा माझ्या हातात दिला, मग वरच्या खिशातून घडी केलेल्या तीन दहाच्या नोटा काढल्या.

"राहू द्या की मामा."

"धर," ते म्हणाले. "मग उद्यापासनं डबा आणतो."

मी धरल्या. डब्यात चार भाकरी होत्या आणि मेथीचं कोरड्यास.

आता मी पुण्यात नोकरी करतो. इथल्या मेनूकार्डावर जादा रश्श्याची वेगळी किंमत छापलेली असते. जागेचं भाडं बघता ती वाजवीच असणार. मी ती देतो आणि कटकट करत नाही. गेल्या दिवाळीत गावी जाताना करमाळ्यात उतरलो. पत्र्याचं हॉटेल आहे तिथंच आहे, ताट नव्वदला झालंय. शेजारच्या बाकड्यावर एक पोरगं मांडीवर बॅग घेऊन, नुसती आमटी पुढ्यात घेऊन बसलं होतं. त्याचेही पैसे द्यावेत असं क्षणभर मनात आलं. मग बादलीवाला आला, माझ्या वाटीत ओतलं, त्याच्या वाटीत ओतलं आणि पुढं गेला. मी माझे नव्वद रुपये देऊन बाहेर पडलो.