मजकूर एक, पाने अनेक

नववीतल्या एका मुलीने मराठी निबंधात लिहिले होते, "शेवटी दोन्ही भावांमध्ये राजीनामा झाला." मी लाल पेनाने शब्दाला गोल केला, बाजूला 'चुकीचा शब्द' लिहिले आणि एक गुण कापला. त्याच रात्री मरहूम अब्बांची वही चाळताना हाच शब्द समोर आला. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची संमती, समेट. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. मुलीने घरचा शब्द लिहिला होता. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला तो ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा गुण परत दिला आणि अब्बांची वही इंटरनेटवर आणायचे ठरवले. दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ बदललेले शब्द त्यांनी टिपले होते. तालीम: उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव. शिकस्त: उर्दूत पराभव, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. मजकूर: उर्दूत ज्याचा उल्लेख झाला ते, मराठीत लिहिलेला भाग.

आधी प्रत्येक शब्दाचे वेगळे एचटीएमएल पान केले. चाळीस पाने झाली आणि वरच्या पट्टीत 'शोधा' हा एक दुवा घालायचा होता. चाळीस फाइली उघडल्या. त्या घाईत 'शिकस्त'चा उर्दू अर्थच पुसला गेला आणि मला पत्ता नाही. अब्बांचे अक्षर माझ्याच हातून मिटले, असे वाटले.

तेव्हा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, मजकूर वेगळा ठेवा, पान वेगळे ठेवा." त्याने संगणकावर एक्झिस्ट-डीबी बसवून दिला. हा एक्सएमएल साठवणारा मोफत, मुक्त डेटाबेस आहे. यात नोंद रकान्यांत तोडावी लागत नाही, जशी लिहिली तशी राहते. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. माझ्या प्रत्येक नोंदीत 'शब्द', 'उर्दू-अर्थ', 'मराठी-अर्थ' आणि 'उदाहरण' अशा खुणा आहेत. त्यात रंग नाही, मेनू नाही, फक्त वही आहे.

पान तुकड्यांतून जुळते. वरची पट्टी एक तुकडा, तळाची ओळ दुसरा, शब्दाची चौकट तिसरा. बाहेरचा साचा एकदाच लिहायचा आणि मध्ये रिकामी जागा ठेवायची. त्या जागेवर एक्सक्वेरीतल्या फंक्शनचे नाव लिहिले की ते फंक्शन नोंद शोधून तिथे आणून ठेवते. एक्सक्वेरी ही एक्सएमएलला प्रश्न विचारण्याची भाषा. २००७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने तिला मान्यता दिली. तिची वाक्यरचना मला व्याकरणासारखी वाटली: प्रत्येक नोंद घे, अट बघ, क्रम लाव, उत्तर परत दे. 'उर्दू-अर्थ रिकामा असलेल्या नोंदी दाखव' असे विचारले, तर 'शिकस्त' लगेच सापडला असता.

चौकटीचा तुकडा मी एकदाच लिहिला. तोच यादीत, शोधाच्या उत्तरात आणि शब्दाच्या स्वतंत्र पानावर येतो. नोंदीतल्या उर्दू भागावर भाषेची खूण आहे. ती पाहून तुकडा तेवढा भाग उजवीकडून डावीकडे मांडतो. पूर्वी प्रत्येक पानावर हे हाताने करत होतो आणि पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसायचा.

शाळेच्या प्रोजेक्टरवर वर्गाला हे दाखवले. 'राजीनामा'च्या उदाहरणात त्या मुलीचेच वाक्य होते, तिला विचारून, नाव न देता घातलेले. तिने ते वाचले आणि हात वर केला.

"सर, मी 'भावांमध्ये' लिहिलं होतं. तुम्ही 'भावात' केलंय."

खरेच, टाइप करताना चूक झाली होती, तीही अनुस्वार खाऊन. सगळ्यांसमोर नोंद उघडली, एक शब्द सुधारला. यादी, शोध आणि पान, तिन्ही ठिकाणी वाक्य बरोबर दिसू लागले. मुलगी हसली आणि म्हणाली, "आता तुमचा एक गुण कापायचा का, सर?"