बॉसची शेपटी
क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला माझा निळा फायटर. नाव ‘बॉस’, कारण खऱ्या बॉसवर ओरडता येत नाही! ऑडिट सीझनमध्ये ३ आठवडे बाऊलचं पाणी बदललंच नाही. एका रात्री बघते तर शेपटीच्या कडा काळ्या, कुरतडल्यासारख्या. फिन रॉट. मी औषधाच्या बाटलीसाठी धावले. दुकानदारकाका म्हणाले, ‘‘आधी पाणी तपासा मॅडम.’’ अमोनिया साठलेला, म्हणजे दोष माझाच. मग २० लिटरची टाकी, २६ अंशांवर हीटर, क्लोरीन काढलेलं पाणी. दर दुसऱ्या दिवशी पाव भाग बदल, डेडलाइन असली तरी. बाराव्या दिवशी कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसली. नवी शेपटी! लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘छान. तू जेवलीस का?’’