साहेबाच्या बंगल्यांतील चमचे

भूतकाळ शोधावयाचा असेल तर तो कागदांत शोधावा. मातींत हात घालण्याचें काम ज्यांचें त्यांनीं करावें, अशी आमची आजवरची समजूत होती. अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्याचे केंस पिकले त्याची दुसरी कोणती समजूत असणार? परंतु गेल्या वैशाखांत आम्हीं नंदुरबारास आठ दिवस काढले, आणि तेवढ्यांत ह्या समजुतीची जी अवस्था झाली ती वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

नंदुरबार ही आमची सासुरवाडी. १९९८ सालच्या १ जुलैस धुळें जिल्हा विभागून तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालें. त्यापूर्वीं तालुक्याचें गांव होतें. उत्तरेस सातपुडा, मध्यें तापी, आणि मिरचीच्या हंगामांत हवेंत अशी कांहीं ठसक कीं नवख्या जावयास स्टेशनावरच शिंका सुरू व्हाव्या. गांवास इतिहासाची उणीव नाहीं. सतराव्या शतकांत येथें इंग्रजांची वखार होती. आणि त्याच इंग्रजांच्या राज्याच्या अखेरीस, ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, शिरीषकुमार मेहता ह्या शाळकरी मुलानें व त्याच्या चार सोबत्यांनीं येथेंच पोलिसांच्या गोळ्या झेलून प्राण दिले. आम्हांस सांगावयाचें आहे तें मात्र ह्या दोहोंच्या मधल्या काळांतील एका बंगल्याविषयीं.

सुरतेहून अमळनेराकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे झाली त्या सुमारास कोणा साहेबानें गांवाबाहेर हा बंगला बांधला. साहेबाचें नांव कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. त्यामुळें बंगल्याचेंच नांव ‘साहेबाचा बंगला’ असें पडलें. १९४८ सालीं आमच्या आजेसासऱ्यांनीं तो विकत घेतला. ते वकील होते, आणि नामांकित होते. मंगळुरी कौलें, तिन्ही बाजूंस पडवी, मागें स्वतंत्र स्वयंपाकघर व गड्यांच्या खोल्या, आणि मधल्या दालनाच्या भिंतींत पंख्याची दोरी बाहेर नेण्यासाठीं ठेवलेलें एक भोंक. दोरी ओढणारा बाहेर उन्हांत, वारा आंत साहेबास! वकीलसाहेबांनीं पंखा काढून टाकला, भोंक मात्र तसेंच राहिलें. आमच्या सौभाग्यवती लहानपणीं त्यांतून बाहेरच्या मांजरांशीं बोलत असत. आतां दिवाळीच्या आंत हा बंगला पडणार आहे. जागेचे प्लॉट पाडावयाचे ठरलें असून आमच्या मेहुण्यांनीं इसारही घेतला आहे.

साहेब विलायतेस जातांना चांदीची पेटी चिंचेखालीं पुरून गेला, अशी एक आख्यायिका ह्या घरांत पहिल्यापासून चालत आलेली आहे. जिला गुप्तधनाची आख्यायिका नाहीं अशी जुनी वास्तु आम्हीं तरी पाहिली नाहीं. ह्या वेडापायीं माणसें कोणत्या थरास जातात हें सर्वश्रुत आहे. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यांत असल्या शोधापायीं होणाऱ्या अघोरी कृत्यांचा मुद्दाम समावेश करावा लागला. आमच्या भाच्याचा मार्ग त्या मानानें सात्त्विक. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. बंगला पडण्यापूर्वीं अंगण एकदां चाळून पाहूं म्हणून तो एक धातुशोधक यंत्र घेऊन आला, आणि “आतोबा, तुम्ही इतिहास जाणतां, तुम्ही बरोबर हवेत,” असें म्हणून त्यानें आमच्या हातांत खुरपें दिलें.

यंत्र म्हणजे एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोंकास ताटलीएवढें कडें, आणि वर एक पेटी. कड्यांतील तारेच्या वेटोळ्यांतून सारखी दिशा पालटणारी वीज वाहते व तिच्या योगानें खालच्या मातींत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूची वस्तु आली कीं तिच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे उठतात. ह्या भोंवऱ्यांचें उलट क्षेत्र पेटीस कळतें आणि पेटी ओरडते. नाण्याएवढी वस्तु साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, हंड्याएवढी त्याहून खोल. सोनें कीं पत्रा हें मात्र यंत्र निश्चयानें सांगूं शकत नाहीं. ही विद्या आजकालची नव्हे. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली तेव्हां ती शरीरांत कोठें आहे हें शोधण्यासाठीं टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनें असेंच यंत्र सिद्ध केलें होतें. गोळी सांपडली नाहीं, अध्यक्ष दगावले. बिछान्यांत पोलादी तारा होत्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं गोळी उजव्या बाजूसच आहे असें आधींच ठरवून टाकून बेलला दुसरीकडे शोधूंच दिलें नाहीं. ही हकीकत आम्हीं भाच्यास मोठ्या रंगानें सांगितली. ती आपल्याच घरास लागू पडेल हें तेव्हां ध्यानांतही आलें नाहीं.

वडीलकीच्या नात्यानें आम्हीं एक अट घातली कीं हें यंत्र बंगल्याच्या आवाराबाहेर जातां कामा नये. येथून जवळच, तापी व गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशा हें क्षेत्र आहे. तेथें १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन करून ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उजेडांत आणले. तसल्या जागीं हौशी माणसानें खुरपें चालविणें म्हणजे पोथीचीं पानें फाडून अक्षरें वेगळीं करण्यासारखें आहे. दायमाबादचें उदाहरण प्रसिद्धच आहे. १९७४ सालीं तेथें एका भिल्ल गृहस्थास खणतांना ब्राँझच्या चार वस्तु सांपडल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, वजन चारांचें मिळून साठ किलोंहून अधिक. परंतु इतक्या अपूर्व वस्तु शास्त्रोक्त उत्खननांत थरावरून मोजून निघाल्या नाहींत, म्हणून त्यांच्या काळाविषयीं विद्वानांचा वाद पुष्कळ वर्षें चालला. आमच्या मेहुण्यांस आम्हीं कायदाही सांगितला. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किंमतीचें जें कांहीं जमिनींत दडलेलें सांपडेल तें कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे. न कळविणारास एक वर्षापर्यंत कैद. “दहा रुपयांस धड चहा येत नाहीं,” मेहुणे म्हणाले. तें खरें, परंतु कायदा चहा पीत नाहीं.

पहिले दोन दिवस यंत्र नुसतें ओरडत होतें. ही सारी काळी माती अग्निजन्य खडकाची. तिच्यांतच लोहचुंबकीय कण असतात, आणि यंत्राला मातीचा आवाज व धातूचा आवाज यांतला भेद आधीं शिकवावा लागतो. काळ्या मातीचा दुसरा गुण आमच्या ध्यानीं आला तो असा कीं ती कोणाचाच क्रम राखीत नाहीं. उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात, वरची वस्तु आंत जाते, पावसाळ्यांत ती फुगून मिटते. त्यामुळें १९५७ नंतरचा नया पैसा वीतभर खालीं आणि व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा त्याच्या वर, असा कालविपर्यास आम्हांस दिसला. चिंचेखालीं पेटी नव्हती. घोड्याचा नाल, बिजागऱ्या, कौलांचे खिळे, काडतुसाचीं पितळी बुडें आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील एक भोंकाचा पैसा, एवढी आमची दौलत. तो भोंकाचा पैसा सौभाग्यवतींनीं करदोट्यांत ओंवतात तसा दोऱ्यांत ओंवून पाहिला.

येथें वाचकांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. बंगल्याबरोबर साहेबाचें कांहीं सामानही वकीलसाहेबांकडे आलें होतें. त्यांत एक डझन चांदीचे चमचे होते. १९५६ सालीं घरीं कांहीं बडे पाहुणे चहास आले, आणि दुसऱ्या दिवशीं चमचे भरले ते दहाच. मागच्या खोलींत एक भिल्ल गडी राहत असे. पाणी भरावें, भांडीं घासावीं, बाग शिंपावी हें त्याचें काम. वकीलसाहेब रोजकीर्द स्वहस्तें लिहीत. तींत नोंद आहे: ‘चमचे रौप्य नग दोन गहाळ. भिल्ल गडी काढला. दोन महिन्यांचा पगार रु. २८ चमच्यांपोटीं जमा.’ ही नोंद आम्हांस पाठ आहे, कारण ती आम्हीं छापलेली आहे. वीस वर्षांपूर्वीं वकीलसाहेबांच्या स्मरणिकेंत आम्हीं त्यांचें चरित्र लिहिलें. तें सगळें ह्या कीर्दींवरून. पोलिसांत न देतां केवळ पगारावर भागविलें, ह्यांत आम्हांस त्यांची दयाबुद्धि दिसली होती, आणि कागदास धरून चालणारा पुरुष म्हणून आम्हीं त्यांचा गौरव केला होता.

चौथ्या दिवशीं, जुन्या मोरीच्या मागें, जेथें पूर्वीं सांडपाण्याचा खड्डा होता व पुढें तो बुजविण्यांत आला, तेथें यंत्र स्वच्छ आवाजांत बोललें. हातभर खणल्यावर राखेचा थर लागला. भांडीं राखेनें घासून ती राख, खरकटें आणि पाणी मोरींतून ह्याच खड्ड्यांत जात असे. त्या राखेंत दोन चमचे एकावर एक पडलेले होते.

भाच्यानें ते धुतले. दांड्याच्या मागच्या बाजूस चार इंग्रजी अक्षरें उमटलेलीं होतीं: ई. पी. एन. एस. आम्हीं तीं दोनदां वाचलीं. ह्याचा अर्थ असा कीं चमचे चांदीचे नव्हतेच. आंत तांबें, निकेल व जस्त यांची मिश्र धातु आणि वर विजेनें चढविलेला चांदीचा मुलामा. तो मुलामाही आतां ठिकठिकाणीं उडाला होता. घरांत उरलेले दहा काढून पाहिले; त्यांवरही तींच अक्षरें. सत्तर वर्षें हे चमचे सणावारीं पाटावर मांडले गेले, लग्नकार्यांत त्यांची मोजदाद झाली, आणि घरांतल्या एवढ्या इंग्रजी शिकलेल्या माणसांपैकीं, आम्ही धरून, कोणीही ते उलटे करून पाहिले नव्हते.

त्या रात्रीं जेवणें मुकाट्यानें झालीं. मेहुण्यांचें म्हणणें असें कीं झालें गेलें. आजोबा गेले, तो गडी गेला, आतां सौद्याच्या वेळीं गांवांत चर्चा कशाला? सौभाग्यवती आपल्या आजोबांच्या फार लाडक्या, त्या म्हणाल्या, “मोलकरणीच्या हातून पडले असतील, आजोबांनीं थोडेच टाकले?” कोणी टाकले हा प्रश्न नव्हता. भाच्यानें एकच विचारलें: “आतोबा, तेव्हां खड्डा कोणीं उपसून कां पाहिला नाहीं?” आम्हांस बेलच्या डॉक्टरांची आठवण झाली, परंतु ती बोलून दाखविण्याची आमची छाती झाली नाहीं. त्या गड्याची मुलगी हयात आहे, आठवड्याच्या बाजारांत चारोळी विकावयास बसते, हें शेवटीं मेहुण्यांच्या पत्नींनीं सांगितलें. त्या तिच्याकडून नेहमीं चारोळी घेत. आणि ती कोण हें त्यांस पहिल्यापासून ठाऊक होतें.

दोन दिवसांनीं आम्ही, भाचा आणि (हें नमूद केलें पाहिजे) मेहुणेही, असे तिघे तिच्या पाड्यावर गेलों. मेहुण्यांनीं बरोबर एक पाकीट घेतलें होतें. अठ्ठावीस रुपयांचा हिशेब त्यांनीं रात्रीं जागून केला होता. म्हातारी अंगणांत टोपली विणीत होती. वय ऐंशीच्या आंतबाहेर. वकीलाच्या घरचा जांवई अशी आमची ओळख पटल्यावर तिनें खाट टाकली. आम्हीं चमचे पुढें केले व ते कोठें सांपडले तें सांगितलें. काय बोलावयाचें तें वाटेनें नीट जुळविलें होतें. त्यांतलें निम्मेंही सुचलें नाहीं.

तिनें एक चमचा हातांत घेऊन पालथा केला. मग म्हणाली, “बा तेव्हांच सांगत होता, मोरींत गेला असंल म्हणून. खड्डा उपसतो म्हणाला. मोठ्या वकीलांनीं उपसूं दिला नाहीं; पाहुणे अजून घरांत होते, घाण सुटंल म्हणाले.”

ही गोष्ट रोजकीर्दींत नाहीं.

पाकीट तिनें घेतलें. “व्याज धरलं का?” असें विचारलें, आणि मेहुण्यांनीं होय म्हटल्यावर नातवास हांक मारून त्याच्याकडून नोटा मोजून घेतल्या. चमचे परत दिले. मग तिनें विचारलें, “जांवईबापू, तुमच्या त्या वहींत बाचं नांव काय लिहिलंय?”

आम्हीं सांगितलें कीं नांव लिहिलेलें नाहीं. ‘भिल्ल गडी’ एवढेंच आहे. आमच्या छापील चरित्रांतही तेवढेंच आहे, हें आम्हीं सांगितलें नाहीं.

तिनें नांव सांगितलें, बापाचें आणि आजाचें. आमच्या खिशांत पेन होतें, कागद नव्हता. भाच्यानें यंत्राच्या पुस्तिकेचें मागचें पान फाडून दिलें, त्यावर आम्हीं तें लिहून घेतलें, आणि तिच्या नातवास दाखवून ऱ्हस्वदीर्घ तपासून घेतलें. बाहेर पाड्यावरचीं पोरें यंत्राभोंवतीं जमलीं होतीं. भाच्यानें तें एका पोराच्या हातीं दिलें, आणि उकिरड्याच्या कडेनें फिरवतांना त्यानें सायकलच्या घंटीचें झांकण काढलें. तें वाजत नव्हतें, तरी तीं सगळीं तें कानाशीं धरून पाहत होतीं.