श्वासाच्या जागा

कॅसेट 1994 च्या आषाढी एकादशीची. आई अभंग गातेय, पेटीवर बाबा आणि डोक्यावर पंख्याची घरघर. गेल्या महिन्यात भाच्यानं ती संगणकावर घेतली आणि आवाज वेगळे करणारं एक एआय सॉफ्टवेअर लावलं. थोड्याच वेळात तीन फायली झाल्या : आईचा गळा, बाबांची पेटी आणि उरलेलं सगळं.

मी आधी पेटी लावली. इतकी वर्षं ही कॅसेट ऐकली ती आईसाठी. एकटी पेटी ऐकताना पहिल्यांदा कळलं, आई जिथं श्वास घेते तिथं बाबा सूर भरून धरतात. ती पुन्हा उचलते, तसा भाता हलका होतो. मधूनच तिच्या आवाजाचा पुसट धागा पेटीत अडकून राहिलाय. एवढं ऐकवलं म्हणून त्या यंत्राला मी मनापासून दुवा देते.

याच पेटीला ऑल इंडिया रेडिओनं 1940 पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती तिच्या पट्ट्यांत मावत नाहीत, शिवाय ती परकी. पहिल्या दोन तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्यांचा निवाडा बैठकीत व्हायचा, सरकारी हुकमानं नव्हे. पुढं 1952 मध्ये आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांवर गदा आली. लोकांनी मुकाट्यानं काटा रेडिओ सिलोनवर नेला. 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली ती त्यामुळेच. आणि पेटी? अप्पा जळगावकरांनी तिच्यावर भीमसेनांना, किशोरीताईंना साथ केली. ती ऐकलेल्या कानांना वेगळा पुरावा लागत नाही. असल्या हुकमांचं पुढं काय होतं ते हे असं. म्हणून एआयवर सरसकट बंदी मागणाऱ्यांशी माझं जमत नाही.

गेलेल्या माणसाला बोलायला लावणं मात्र मला सोसत नाही. एप्रिल 2025 मध्ये नाशिकला एका पक्षाच्या शिबिरात बाळासाहेब ठाकऱ्यांच्या आवाजात नवं भाषण वाजवलं गेलं. त्याआधी तमिळनाडूत करुणानिधींना असंच बोलतं केलं होतं. पक्ष कुठलाही असो, ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे ज्याला आता सांगता येत नाही, त्याच्या तोंडी आजचं राजकारण घालू नये.

भाच्यानं प्रेमानंच विचारलं होतं, “मावशी, आजीच्या आवाजात एखादा नवा अभंग करून देऊ?”

“नको रे राजा.” चाल मनाला पटेपर्यंत आई तोंड उघडायची नाही. तिला न विचारता तिला गायला कसं बसवू?

पेटीची फाईल मात्र रोज वाजते. लेक तिच्यावर रियाज करते. तिचा दम आईपेक्षा मोठा आहे. बाबा असते तर दुसऱ्या ओळीलाच त्यांनी तो ओळखला असता. फाईलमधली पेटी आईच्या जागांवरच भरून येते, आणि लेक तिथं अजून गातच असते.