बदकाचे पाय आणि पंख

बदकाला आपल्याकडे कोणी फारसे गंभीरपणे घेत नाही. सरस्वतीने हंस पत्करला, कार्तिकेयाने मोर. बदकाच्या वाट्याला माडगूळकरांचे एक गोड बालगीत आले आणि त्याच्या चालीला हसणारी मुले आली. त्याचे पाय पोहण्यासाठी घडलेले, शरीराच्या मागील बाजूस व एकमेकांपासून दूर बसविलेले. म्हणून जमिनीवर ते डुलत, फेंगडे चालते. या चालीनेच त्याचा घात होतो. जो पक्षी निरोगी असतानाच फेंगडा चालतो, तो खरोखर लंगडू लागला तरी ते कोणाच्या ध्यानी येत नाही. ध्यानी येते तेव्हा ते बसलेले असते.

माझे माहेर कारवारकडचे. तिकडे भातशेतीच्या कडेला बदके हिंडत. पायाखाली मऊ चिखल, चोचीपुढे गोगलगाई, किडे आणि शेवाळ. त्यांना काय खाऊ घालावे हा प्रश्न कोणाच्या घरी निघाल्याचे मला आठवत नाही. मैलूरचे तसे नाही. येथे जांभ्याचे लाल, टणक पठार आहे, अंगणात शहाबादी फरशी आहे आणि डब्यात ज्वारी आहे. बदक मात्र तेच.

गेल्या वर्षी नववीच्या एका विद्यार्थ्याने आठवड्याच्या बाजारातून बदकाची चार पिल्ले आणली. ज्वारीच्या कण्या आणि भाकरीचा चुरा यांवर ती वाढू लागली. तीन आठवड्यांच्या सुमारास त्यांतील दोन पिल्ले घोट्यांवर बसून सरकू लागली. (बदकाचा उलट वाकलेला गुडघा म्हणून आपण जो दाखवितो तो वस्तुतः त्याचा घोटा होय. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो.) घोटे सुजलेले आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. घरात कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, वाळण्यापूर्वी कापून टाका. मुलगा टोपली घेऊन माझ्याकडे आला. मी कलाशाखेची पदवीधर, इतिहास व मराठी शिकविते. पण कारवारकडची म्हणजे बदकांची माहीतगार, असा त्याने समज करून घेतला होता.

बिदरच्याच नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. तेथील डॉक्टरांनी पिल्लांस हात लावण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याविषयी. मग एकेक पाय हाती घेऊन तळवा, बोटे, घोटा व मांडी या क्रमाने पाहिले. दोन्ही पायांची उष्णता ताडून पाहिली. जखम नव्हती, हाड मोडलेले नव्हते. दोन पिल्लांचे दोन्ही पाय एकाच रीतीने वाकले होते, म्हणजे हा अपघात नव्हे. हा नायसिनचा, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा अभाव होता.

कोंबडी आपल्या अन्नातील ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून शरीरातच थोडेबहुत नायसिन बनविते. बदकाला ही कला फारशी साधत नाही. म्हणून कोंबडीच्या पिल्लांना एक किलो खाद्यात २७ ते ३५ मिलिग्रॅम नायसिन पुरते, तर बदकाच्या पिल्लांना सुमारे ५५ मिलिग्रॅम लागते. नुसत्या कण्यांवर ते मिळत नाही.

पाण्यातून नायसिन सुरू झाले. एक पिल्लू आठ-दहा दिवसांत उभे राहिले आणि अडखळत का होईना, चालू लागले. दुसऱ्याच्या घोट्यावरील स्नायुबंध खाचेतून कडेला सरकला होता. असे झाल्यावर जीवनसत्त्व देऊन तो परत जागेवर येत नाही. ते पिल्लू वाचले नाही. मुलगा दोन दिवस वर्गात गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "बाई, ज्वारी वाईट असते का? आम्ही तर रोज भाकरीच खातो."

हा प्रश्न त्याच्याआधी मोठमोठ्यांना पडला होता. पेलाग्रा हा माणसांत नायसिनच्या अभावाने होणारा रोग. त्यात उन्हाने कातडी काळवंडते, पोट बिघडते, बुद्धी भ्रमते. अमेरिकेत तो मका खाणाऱ्या गरिबांत दिसे. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादेत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की, ज्वारीत ल्युसीन हे द्रव्य अधिक असल्याने शरीरात नायसिन बनण्यास अडथळा येतो. हे मत पुढे सर्वांना मान्य झाले नाही. परंतु हा रोग होई तो भाकरीसोबत दुसरे काही न मिळणाऱ्यांना, याविषयी वाद नाही. मी त्या मुलाला एवढेच सांगितले की, तुझ्या ताटात भाकरीशेजारी वरण असते, भाजी असते, शेंगदाण्याची चटणी असते. पिल्लापुढे फक्त भाकरी होती.

शेंगदाण्याची चटणी म्हटल्यावर तो लगेच पेंड आणावयास निघाला! शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते, हे खरे. पण बुरशी आलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि बदकाची पिल्ले त्याला इतकी हळवी असतात की, शास्त्रज्ञ हे विष पारखण्यासाठी त्यांचाच उपयोग करीत. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले. त्यांत बदकाची पिल्लेही होती. पावसाळ्यात पोत्यात दमट झालेली पेंड बदकाला मुळीच घालू नये. उकडलेले वाटाणे, सुक्या मासळीचा चुरा किंवा डॉक्टरांनी सांगितलेले यीस्ट बरे.

आता फरशीविषयी. बदकाच्या तळव्याची कातडी चिखलासाठी असते. टणक जमिनीवर ती घासते, बारीक चीर पडते, तीत जंतू शिरतात आणि आत गाठ बनून वर काळी खपली धरते. असे बदक एकच पाय उचलून धरते; जीवनसत्त्वाच्या अभावात दोन्ही पाय जातात. हा भेद विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावा. आरंभीच पाहिले तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकणे, जंतुनाशक लावणे व उसाच्या पाचटाचे कोरडे अंथरूण एवढ्याने भागते. गाठ खोल गेली तर ती डॉक्टरांनीच काढावी. घरच्या पात्याने हा उद्योग करू नये. बदकाला कोंबडीप्रमाणे पायांना धरून उचलण्याचीही चाल आहे. ती अगदी वाईट. बदकाचे पाय नाजूक असतात. त्याला पंखांसकट दोन्ही हातांत घ्यावे.

पंखांचे दुखणे बहुधा पाण्याच्या अभावाचे असते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल घेऊन बदक पिसांना चोपडते, म्हणून पाणी मोत्यासारखे ओघळते. आंघोळ मिळाली नाही की पिसे मळतात, पाणी आत मुरते आणि पक्षी गारठतो. आम्हां कारवारकरांना खोबरेल हा सर्व रोगांवर उपाय वाटतो. पण येथे तो चालत नाही, बाहेरचे तेल पिसे चिकटवून टाकते. स्वच्छ पाण्यात धुऊन उन्हात सुकवावे, उवा आहेत का ते पाहावे आणि रोज पाणी द्यावे. लहान पिल्लांना मात्र खोल पाण्यात सोडू नये.

पंखाचे टोक बाहेर वळले तर तो फार पौष्टिक खाण्याचा परिणाम असू शकतो. कोवळ्या वयात मऊ फडक्याने पंख काही दिवस अंगाशी बांधला तर तो सरळ होतो, मोठेपणी नाही. आणि वर्षातून एकदा सगळीच पिसे झडू लागली, रंगीत नर मादीसारखा मळकट दिसू लागला, तर घाबरून औषध शोधू नये. ती त्याची कात टाकण्याची वेळ असते. तेव्हा चांगले खाणे आणि डोके बुडेल इतके पाणी पुरते. ज्या गावच्या शेजारी, नौबादेस, पाण्यासाठी बहामनी काळात जमिनीखालून भुयारे खोदावी लागली, तेथे बदकाला रोज एक घमेले पाणी म्हणजे चैनच. पण संध्याकाळी तेच पाणी मेथीच्या वाफ्याला घालता येते.